वाळूखालची वेदी

काही संतांची चरित्रे आपल्या हाती असतात, तर काहींची केवळ नावे. असिसीचा फ्रान्सिस कोणत्या घरात जन्मला, कोणाशी त्याचे मतभेद झाले, कोणत्या भूमीवर त्याने देह ठेवला, हे आपल्याला सविस्तर ठाऊक आहे. परंतु ख्रिस्तसभेच्या आरंभीच्या शतकांत असे कितीतरी साधुपुरुष आणि साध्वी होऊन गेल्या, की ज्यांच्यामागे एखादे गाव, एखादी विहीर किंवा एखादे दगडी मंदिर यांपलीकडे काही उरलेले नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला अटलांटिक महासागरात सोंडेसारखा शिरलेला कॉर्नवॉल हा प्रांत अशा नावापुरत्या उरलेल्या संतांचे माहेरच म्हणावे लागेल. त्याचा नकाशा उघडला, की आपण गावांची यादी वाचतो आहोत की सकल संतांची लितानी म्हणतो आहोत, असा प्रश्न पडतो : सेंट आयव्ह्ज, सेंट मॉज, सेंट एंडेलियन, सेंट मिनव्हर...

पाचव्या आणि सहाव्या शतकांतील ही माणसे. रोमन सत्ता ब्रिटनमधून निघून गेली होती. पूर्वेकडून सॅक्सन टोळ्या येत होत्या आणि त्यांच्यासमवेत त्यांचे जुने देवही. अशा काळात पश्चिमेकडील केल्टिक लोकांनी श्रद्धेचा दिवा तेवत ठेवला. वेल्स, आयर्लंड, कॉर्नवॉल आणि फ्रान्सचा ब्रिटनी प्रांत यांच्यामधला समुद्र त्यांना अडसर वाटत नसे. तो त्यांचा राजरस्ता होता. लहानशा होड्यांतून भिक्षू येत, एखादी गुहा किंवा झऱ्याकाठची जागा पाहून झोपडी बांधत, प्रार्थना करीत, जवळ येईल त्याला बाप्तिस्मा देत. वेल्सच्या ब्रायकन राजाला चोवीस मुले होती व त्यांतील बहुतेकांनी असा संन्यस्त मार्ग धरला, अशी आख्यायिका आहे. एंडेलियन व मिनव्हर ही दोन गावे त्याच राजाच्या कन्यांची नावे मिरवतात. संत पिरन तर आयर्लंडहून जात्याच्या तळीवर बसून तरंगत आला, असे कॉर्नवॉलमधील खाणकामगार आपल्या मुलांना पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. या संतांना रोमने संतपद दिलेले नाही, कारण तशी रीतसर प्रक्रिया तेव्हा अस्तित्वातच नव्हती. परमगुरुस्वामींनी संतपद जाहीर केल्याची पहिली निश्चित नोंद ९९३ सालची आहे. त्यापूर्वी लोकच संत ओळखत आणि गावाला त्यांचे नाव देऊन ती ओळख कायम करीत.

या मंडळींतील एक म्हणजे संत एनोडॉक. तो एका गुहेत एकांतवासात राहत असे आणि जवळच्या विहिरीच्या पाण्याने लोकांना बाप्तिस्मा देत असे, अशी परंपरा आहे. त्या विहिरीला आजही ‘येशूची विहीर’ म्हणतात. संत एनोडॉकचे चरित्र येथे आरंभ होते आणि येथेच संपते. त्याच्या गुहेच्या जागी बाराव्या शतकात एक लहानसे दगडी मंदिर उभे राहिले, त्याला पुढल्या शतकात निमुळते शिखर लाभले, आणि त्या मंदिराच्या नशिबी जे आले ते मात्र संताच्या चरित्राहून कितीतरी विलक्षण होते.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात लंडनजवळील एका धर्मग्रामात, रजेवर गेलेल्या धर्मगुरूंच्या जागी, महिनाभर सेवा करण्याचा योग मला आला. त्या महिन्यातील दोन मोकळे दिवस मी कॉर्नवॉलसाठी राखून ठेवले होते. पॅडिंग्टन स्थानकावरून सुमारे चार तासांचा प्रवास करून मी बॉडमिन पार्कवे येथे उतरलो. तेथून समुद्रकाठच्या पॅडस्टो गावापर्यंत जाणारी आगगाडी १९६७ साली बंद झाली. रूळ काढून टाकलेल्या त्या मार्गावर आता पादचारी आणि सायकलस्वार दिसतात. मी बसने पॅडस्टोला पोहोचलो. हे गाव संत पेट्रॉकचे. त्याने येथे मठ स्थापिला होता. ९८१ साली समुद्रावरून आलेल्या व्हायकिंग लुटारूंनी गाव उद्ध्वस्त केले, तेव्हा मठवासी आत बॉडमिनला सरकले. समुद्र ज्या वाटेने संत आणतो त्याच वाटेने लुटारूही आणतो, हे वसईच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

पॅडस्टोसमोर कॅमल नदीचे रुंद मुख आहे. पैलतीरावरील रॉक या गावी नेणारी फेरीबोट भरतीच्या वेळी बंदराच्या धक्क्यावरून सुटते. ओहोटी असली, की प्रवाशांना पुळणीवरून चालत पुढे जाऊन ती गाठावी लागते. मी गेलो तेव्हा ओहोटी होती. दोन्ही तीरांवर सोनेरी वाळूचे अफाट मैदान उघडे पडले होते. नदीच्या मुखाशीच ‘डूम बार’ नावाचा वाळूचा उथळ पट्टा आहे. ‘डूम’ म्हणजे सर्वनाश, असा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात येतो. वास्तविक वाळूची टेकडी या अर्थाच्या जुन्या शब्दाचा तो अपभ्रंश आहे. परंतु अपभ्रंशाने सत्यच सांगितले म्हणायचे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून या पट्ट्यावर अडकलेल्या, उलटलेल्या आणि फुटलेल्या जहाजांची संख्या सहाशेच्या वर सांगितली जाते. एका मरणोन्मुख जलपरीने क्रोधाने मूठभर वाळू फेकली व त्यातून हा शाप निर्माण झाला, अशी दंतकथा पॅडस्टोचे लोक सांगतात. त्याच वाळूत शिंपल्यांचा चुना भरपूर असल्यामुळे शेतकरी ती गाड्या भरभरून नेत आणि आपल्या आंबट जमिनीत खत म्हणून घालीत. नाविकाला जी मारक, ती कुणब्याला तारक.

रॉकहून वाळूच्या टेकड्यांमधून उत्तरेकडे चालत गेल्यावर ब्रे नावाची एक गोल टेकडी लागते. तिच्या पायथ्याशी हिरवेगार गोल्फचे मैदान पसरलेले आहे. त्या मैदानातून मंदिराकडे जाणारी पाऊलवाट पांढऱ्या रंगवलेल्या दगडांनी दाखवलेली आहे. चेंडू टोलवणाऱ्या खेळाडूंकडे एक डोळा ठेवून आपण त्या वाटेने चालत राहायचे. मंदिर शोधू लागलो तर ते दिसेना. मग एकाएकी झुडपांच्या कुंपणापलीकडे एक किंचित वाकडे झालेले दगडी शिखर तेवढे वर आलेले दिसले, जसे एखादे लाजाळू मूल दाराआडून डोके काढते. खाली उतरावे तेव्हा भिंती दिसतात. आजूबाजूची जमीन उंच आणि मंदिर खोलगट जागी, असा उलटा प्रकार का, याचे उत्तर त्याच्या इतिहासात आहे.

सोळाव्या शतकापासून वाऱ्याने या किनाऱ्यावरची वाळू आत ढकलायला सुरुवात केली. वाळूची रीत अशी, की कोरडी झाली की ती वाऱ्यावर स्वार होते आणि अडथळा भेटला की तेथे वाऱ्याचा जोर मोडून खाली पडते. माळावर एकट्या उभ्या असलेल्या मंदिराच्या भिंती हाच येथे पहिला अडथळा होता. म्हणजे मंदिर उभे होते म्हणूनच वाळू तेथे साचली. वर्षामागून वर्षे गेली, दारे बुजली, खिडक्या बुजल्या, पूर्वेकडच्या भिंतीच्या टोकापर्यंत वाळू चढली. गावकरी त्याला थट्टेने ‘बुडता नेडी’ म्हणू लागले. एनोडॉकचा नेडी झाला आणि नेडी बुडू लागला.

आता येथे कायद्याचा एक प्रश्न उद्‌भवला. मंदिरात वर्षातून निदान एकदा तरी उपासना झाली नाही, तर ते मंदिर म्हणून गणले जाणार नाही आणि त्याच्या नावावर गोळा होणारा दशांशही बंद होईल, अशी स्थिती होती. मग तोड निघाली. वर्षातून एकदा सेंट मिनव्हर धर्मग्रामाचे धर्मगुरू व काही मोजके लोक वाळूच्या टेकडीवर चढत आणि छताला पाडलेल्या भोकातून आत उतरत. काळोखात, दमट हवेत उपासना होई. ती आटोपली, की मंडळी पुन्हा त्याच भोकातून वर येत आणि पुढील वर्षापर्यंत मंदिर वटवाघळांच्या स्वाधीन होई. हा क्रम थोडीथोडकी वर्षे नव्हे, सुमारे तीन शतके या ना त्या रूपाने चालला असे परंपरा सांगते.

१८६४ साली हार्ट स्मिथ नावाच्या धर्मगुरूंनी हे मंदिर उकरून काढले. त्यांच्या मुलाने पुढे आपल्या आठवणींत त्या वेळचे दृश्य सांगितले आहे. पाणी मुक्तपणे आत झिरपत होते, उंच बाकांवर हिरवी बुरशी चढली होती, लाकूड किड्यांनी पोखरले होते आणि घंटाघरात वटवाघळे नांदत होती. वाळू उपसली, छत दुरुस्त केले, भिंती सावरल्या, आणि आजूबाजूच्या टेकड्या पुन्हा चालू लागू नयेत म्हणून त्या बांधून टाकल्या. वाळू बांधायची ती भिंतीने नव्हे, गवताने. खोल मुळांचे, लांब पात्यांचे गवत वाळूत रुजते आणि तिला जागच्या जागी धरून ठेवते. आपल्या अर्नाळा-वसईच्या किनाऱ्यावर सुरूची बने जे काम करतात, तेच हे.

मी आत गेलो तेव्हा दुसरे कोणी नव्हते. दाराशी दोन पायऱ्या उतराव्यात इतका अंधार एकदम अंगावर आला. भिंती जाड, खिडक्या लहान, जमिनीला पाटीच्या काळ्या दगडाच्या फरश्या. बाप्तिस्म्याचे जुने दगडी कुंड. बाहेर समुद्राचा वारा सतत वाजत असताना आत मात्र विहिरीच्या तळाशी असावी तशी शांतता होती. धर्मसुधारणेनंतर हे मंदिर अँग्लिकन ख्रिस्तसभेकडे गेले व आजही त्यांच्याकडेच आहे. त्यापूर्वीची चार शतके याच वेदीवर मिस्सा होत असे. मी मागल्या एका बाकावर बसून ब्रेव्हिअरी उघडली आणि मध्याह्नीची प्रार्थना म्हणू लागलो.

प्रार्थना संपली तरी उठवेना. माझे डोळे पुन्हा पुन्हा छताकडे जात होते. त्या भोकातून उतरणाऱ्या धर्मगुरूचा विचार मनातून जाईना. संत मार्कच्या शुभवर्तमानातील कफर्णहूमचा प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. चार मित्र छप्पर उघडून आपल्या पक्षाघाती सोबत्याला येशूपुढे खाली सोडतात. येथे चित्र उलटे होते. धडधाकट माणसे छप्पर उघडून आजारी मंदिराकडे उतरत होती. त्यांच्या मनात काय असेल? कफर्णहूमच्या मित्रांसारखी श्रद्धा? की दशांशाचा हिशेब? मला तरी वाटते, बहुतेक वर्षी हिशेबच असावा. गादी राखण्यासाठी, वहिवाट मोडू नये म्हणून, पूर्वीच्यांनी केले म्हणून. एखाद्या पावसाळी दिवशी कपड्यांना चिखल लागला म्हणून मनात चडफडणारा एखादा धर्मगुरूही त्यांत असेलच.

आणि तरीही, त्या कंटाळलेल्या धर्मगुरूने ती उपासना म्हटली नसती तर हार्ट स्मिथ यांना उकरून काढायला मंदिर उरले नसते. दगड उरले असते. ते पुढे कोणी कुंपणाला नेले असते. मंदिर म्हणून त्याचा श्वास चालू राहिला तो वर्षातील त्या एका तासामुळे.

मी येथे केवळ इंग्लंडच्या इतिहासाबद्दल बोलत नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच. गुरुदीक्षेला पंचवीस वर्षे होऊन गेलेला कोणताही धर्मगुरू आपणास सांगेल, की प्रार्थनेत वाळूचे ऋतू येतात. गुरुविद्यालयात आम्हाला संत योहान क्रूसकरांची काळोखी रात्र शिकवली जाते; परंतु त्या थोर संताची रात्र ही एक भव्य गोष्ट आहे आणि आमच्या वाट्याला येते ती पुष्कळदा नुसती वाळू. पहाटेच्या मिस्सेला उभे राहावे, ओठांनी शब्द म्हणावेत, हातांनी भाकर उचलावी आणि अंतःकरणात काही हालू नये. २०१९ साली माझी आई प्रभुघरी गेली. त्यानंतर जवळजवळ वर्षभर माझी हीच अवस्था होती. लोकांच्या अंत्यविधींत मी सांत्वनाचे शब्द बोलत होतो. ते खोटे नव्हते, पण मला स्वतःला ते ऐकू येत नव्हते.

आईची शेवटची चार वर्षे स्मृतिभ्रंशात गेली. आधी कालची गोष्ट गेली, मग नातवंडांची नावे गेली, अखेरीस मीही गेलो. मला ती ‘फादर’ म्हणे, कारण झगा तिला ओळखू येत असे, त्यातला मुलगा नव्हे. परंतु संध्याकाळी घरात रोझरी सुरू झाली, की तिचे ओठ हालू लागत. रोझरीनंतर पवित्र मरीयेची लितानी व्हायची. आमच्या घरी ती मराठीतच म्हणतात. पण आईच्या बालपणी गावात ती लॅटिनमध्ये होत असे, आणि ‘आमच्यासाठी विनंती कर’ या अर्थाचा तो जुना लॅटिन प्रतिसाद ती अचूक ठिकाणी, अचूक तालात देत असे. तिने लॅटिनचे एक अक्षरही कधी शिकले नव्हते. शेतावरून दमून आल्यावर, चुलीपुढे, अर्धवट झोपेत, हजारो संध्याकाळी ती ते म्हणत आली होती. त्यांतल्या किती संध्याकाळी तिचे मन त्यात असेल, देव जाणे. सगळे बुजून गेल्यावर आम्हाला तिच्यापर्यंत उतरायला तेवढे एकच भोक उरले होते आणि ते तिनेच, न जाणता, इतकी वर्षे मोकळे ठेवले होते.

लॅटिनवरून आणखी एक गोष्ट त्या बाकावर आठवली. १५४९ साली राजाज्ञेने इंग्लंडभर इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचे झाले, तेव्हा कॉर्नवॉलच्या लोकांनी शेजारच्या डेव्हनवासीयांसह बंड केले. त्यांनी एक्झिटर शहराला वेढा घातला. त्यांच्या मागणीपत्रात एक मुद्दा असा होता, की आमच्यापैकी कित्येकांना इंग्रजी कळतच नाही. त्यांची भाषा कॉर्निश, केल्टिक कुळातली, एनोडॉक-पेट्रॉकांच्या बोलीची लेक. त्यांना आपली जुनी लॅटिन मिस्सा परत हवी होती. लॅटिनही त्यांना कळत नसेल, पण ती सवयीने त्यांची झाली होती. इंग्रजी मात्र परक्याची होती. राजसैन्याने ते बंड चिरडले. हजारो माणसे मारली गेली. प्रार्थना कॉर्निशमध्ये कधी आलीच नाही. देवाशी बोलण्याचे स्थान गमावलेली ती भाषा मग बाजारातूनही उठत गेली. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिचा रोजचा व्यवहार थांबला. १७७७ साली निवर्तलेल्या डॉली पेंट्रीथ या मासळी विकणाऱ्या बाईला परंपरेने त्या भाषेची अखेरची वक्ती मानतात.

त्याच सुमारास, १५४९ च्या आसपास, कॉर्नवॉलपासून फार दूर नसलेल्या विल्टशायर परगण्यात एक बालक जन्मले. ते पुढे येशूसंघात गेले, १५७९ साली गोव्यास पोहोचले आणि लोकांची भाषा शिकून त्यांनी १६१६ साली मराठीला ‘ख्रिस्तपुराण’ दिले. फादर स्टीफन्स यांच्याविषयी आपण मराठी ख्रिस्ती माणसे किती अभिमानाने बोलतो! त्यांच्याच मायदेशी, त्यांच्या जन्माच्या सुमारास, एका लहान भाषेला प्रार्थनेचा उंबरा ओलांडू दिला गेला नाही, आणि त्यांनी मात्र सातासमुद्रापलीकडच्या भाषेला वेदीपर्यंत हाताला धरून आणले. हा योगायोग मला त्या काळोख्या मंदिरात अतिशय बोलका वाटला.

कॉर्निश भाषेचीही पुढे उकरणी झाली. १९०४ साली हेन्री जेनर यांनी तिचे पाठ्यपुस्तक सिद्ध केले. हळूहळू लोक ती शिकू लागले. २००२ साली ब्रिटिश सरकारने तिला प्रादेशिक भाषा म्हणून मान्यता दिली. आज थोडी का होईना, माणसे ती बोलतात. पण तीन शतकांची वाळू उपसणे मंदिराला जेवढे सोपे गेले तेवढे भाषेला जात नाही.

बाहेर आलो. वारा पडला नव्हता. दफनभूमीत फाटकाजवळ पाटीच्या काळ्या दगडावर वेलबुट्टीदार अक्षरे कोरलेली एक समाधी आहे. इंग्लंडचे राजकवी जॉन बेचमन येथे विसावले आहेत. बालपणीच्या सुट्ट्या त्यांनी याच परिसरात घालवल्या होत्या. १९८४ साली ते वारले तेव्हा त्यांना येथे आणले. त्यांची आई येथेच पुरलेली आहे आणि वडिलांची स्मृतिशिला मंदिराच्या आत आहे. येणारे बहुतेक प्रवासी त्या कवीसाठी येतात. मी मात्र थोडा अधिक वेळ दुसऱ्या दोन नावांपाशी रेंगाळलो. मंदिराच्या घंटाघरात जी घंटा आहे ती मुळात १८७५ साली जवळच फुटलेल्या एका इटालियन जहाजाची. जहाजाचे नाव ‘इमाकोलाता’, म्हणजे निष्कलंक मरीया. आणि दफनभूमीत एक स्मारक आहे ते १९९५ च्या मे महिन्यात जवळच्या खडकांवर आपटून फुटलेल्या ‘मारिया असुम्प्ता’ या जुन्या शिडाच्या जहाजावरील तीन मृत खलाशांचे. असुम्प्ता म्हणजे स्वर्गात उन्नयन झालेली मरीया. डिसेंबरच्या आठ तारखेचा सण आणि ऑगस्टच्या पंधरा तारखेचा सण, दोन्ही येथे समुद्राच्या तळाशी!

आमच्याकडेही कोळी बांधव आपल्या होड्यांना मरीयेची व संतांची नावे देतात आणि त्या होड्याही कधीकधी परत येत नाहीत. पवित्र नाव हे वादळाविरुद्धचे विमापत्र नव्हे, हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक कळते. तरी ते नाव रंगवतातच. इमाकोलाता बुडाली, पण तिची घंटा दुसऱ्यांच्या मंदिरात उपासनेला बोलावीत राहिली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तेथील चर्चच्या घंटाही अशाच दूर गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला त्या आज आहेत. घंटा आपले घर बदलते, काम सोडत नाही.

या किनाऱ्यावर वाळूशी झगडलेले हे एकच मंदिर नव्हे. दक्षिणेकडे पेरनपोर्थजवळ संत पिरनचे प्राचीन प्रार्थनागृह वाळूने गिळले, तेव्हा लोकांनी आत सरकून दुसरे मंदिर बांधले. वाळू तेथेही आली, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याचे दगड काढून आणखी आत तिसरे उभारले. जुने प्रार्थनागृह १८३५ साली उकरले गेले, १९१० साली त्यावर काँक्रीटचे कवच आले, १९८० साली त्याच्या रक्षणासाठी ते पुन्हा वाळूतच पुरले आणि २०१४ साली पुन्हा उघडले. पिरनच्या लोकांनी जागा सोडली आणि समुदाय राखला. एनोडॉकच्या लोकांनी जागा राखली. धर्मग्रामाची धुरा वाहणाऱ्याला या दोन्ही शहाणपणांची गरज पडते. कधी कोणते, हे सांगणारे पुस्तक गुरुविद्यालयाच्या ग्रंथालयात नाही.

आता जे मला मुख्यतः सांगायचे आहे ते सांगून हे लिखाण आवरतो. छतातून उतरणाऱ्या धर्मगुरूंचे मी वर समर्थन केले. कोरड्या कर्तव्याला मी यापुढे कमी लेखणार नाही. आपल्यापैकी ज्यांना प्रार्थनेत काही जाणवत नाही, ज्यांच्या घरी रोझरी केवळ म्हणायची म्हणून म्हटली जाते, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की ती सोडू नका; भोक बुजू देऊ नका. परंतु याच गोष्टीची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. त्या सुमारे तीनशे वर्षांत कितीतरी धर्मगुरू आले आणि गेले. प्रत्येकजण भोकातून उतरला, उपासना म्हणून वर आला, आणि दशांश घेऊन घरी गेला. फावडे हाती घेणारा पहिला धर्मगुरू १८६४ साली आला. टिकवून धरणे पुरेसे असते तर ते मंदिर आजही वाळूखालीच असते.

आमच्या धर्मग्रामात रविवारी पाचही मिस्सांना बसायला जागा नसते. इंग्लंडमधील रिकामी बाके पाहून आलेल्या माणसाला ही गर्दी कृपाच वाटते. पण वाळू दारे बुजवते तेव्हा प्रथम काही दिसत नाही. उंबऱ्यावर एक पातळ थर तेवढा असतो. शेते विकून इमारती उभ्या राहिल्या, तरुण मुले-मुली परदेशी गेली, यात दोष देण्यासारखे काही नाही. मात्र गेल्या वर्षी आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात नवी मुले आली, तेव्हा त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांना ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ ही प्रार्थना मराठीत येत नव्हती. इंग्रजीत येत होती, पाठ होती, चांगली होती. परंतु त्यांच्या आज्या शेवटच्या आजारात ज्या भाषेत उत्तर देतील, ती भाषा त्या मुलांच्या ओठांवर नव्हती. कॉर्नवॉलला ती हुकमाने हिरावली गेली. आपल्याकडे कोणी राजाज्ञा काढलेली नाही.

येत्या आगमनकाळापासून आम्ही धर्मग्रामात दर शनिवारी सायंकाळी आजी-आजोबा व नातवंडे यांची एकत्र प्रार्थना सुरू करीत आहोत. अर्धा तास, मराठीत, जमल्यास आमच्या बोलीतही. पहिल्या शनिवारी किती जण येतील ठाऊक नाही. सेंट मिनव्हरच्या धर्मगुरूंच्या मागे त्या वाळूवर जितके जण चढत असतील, तितके आले तरी आरंभाला पुरेत. बाकीचे काम फावड्याचे आहे, आणि ते दर शनिवारी थोडे थोडे करावे लागेल.